करोनामृत्यूचे सानुग्रह अनुदान : नऊ घरांचे अर्ज भरल्यानंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय एका शासकीय सेवेविषयी आहे. करोनाने मरण पावलेल्या व्यक्तीच्या जवळच्या नातेवाइकाला ५०,००० रुपयांचे सानुग्रह अनुदान देण्याची ही सेवा महाराष्ट्रात २०२१ च्या अखेरीस ऑनलाइन सुरू झाली. तेव्हापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत आमच्या घरचा एक आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या आठ घरांचे, असे नऊ अर्ज मी भरले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आमचे गाव रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्या सीमेजवळ खाडीकाठी आहे, आणि कागद कळणारे माणूस म्हणून लोक माझ्याकडे आले, एवढाच या विषयातला माझा अधिकार. नऊपैकी सात घरांना पैसे मिळाले. सेवेला मी पाचपैकी तीन तारे देते आहे.

कोकणात दरड, वादळ, पूर यांपैकी काही ना काही थोड्या थोड्या वर्षांनी येतेच, आणि प्रत्येक वेळी कोणा ना कोणाच्या ओटीवर हाच प्रश्न येऊन बसतो, की गेलेल्या माणसाबद्दल शासनाने किती द्यायचे, कोणाला द्यायचे आणि ते मागायला कोणी कोणाकडे जायचे. यांतल्या पहिल्या प्रश्नाची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ होते, दुसऱ्यावरून घराघरांत भांडणे होतात, पण तिसऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. नऊ अर्ज भरल्यावर माझे मत असे झाले आहे, की भरपाई न्याय्य आहे की नाही हे मुख्यतः त्या तिसऱ्या प्रश्नावर ठरते.

माझा थोरला भाऊ ११ मे २०२१ रोजी जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात वारला. पाचव्या दिवशी, १६ मे रोजी, तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून पुढे गेले. घरात सुतक होते, वीज नव्हती, पडवीवरची कौले उडाली होती आणि परड्यातली हापूसची अकरा कलमे मुळासकट आडवी झाली होती. वादळ ओसरल्यावर आठवड्याभरात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघेजण पाखाडीवरची पडलेली झाडे ओलांडत वाडीत आले. त्यांनी कलमे मोजली, एकेका बुंध्यापाशी थांबून झाडाचे वय विचारले, फोटो काढले, पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या घेतल्या. सातबारा दादाच्या नावावर असल्यामुळे त्यांनी मालकांना बोलवा म्हटले, आणि मालक बारा दिवसांपूर्वी वारले हे कळल्यावर ते तिघेही क्षणभर कागद खाली धरून उभे राहिले. मग वहिनीची सही घेऊन ते पुढच्या घरी गेले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांना झाडांचा आणि छपरांचा पंचनामा करायला पाठवले होते आणि तो त्यांनी नीट केला. वहिनी मात्र संध्याकाळी म्हणाली, “कलमा मोजूक घराक इले, माणूस गेलो तेची नोंद घेवक कोण येवक नाय.”

पंचनामा ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिच्यात एक मोठे शहाणपण आहे. ज्याचे नुकसान झाले त्याने ते सिद्ध करत फिरायचे नसते. शासनाचा माणूस जागेवर येतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, लिहितो, आणि गावातले दोन जण त्याला साक्ष राहतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, तेव्हा मृतांची यादी प्रशासनाने स्वतः तयार केली, आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत घोषित करण्याचा निर्णयही काही दिवसांतच घेतला. एरवी बेपत्ता माणूस कायद्याने मृत मानला जायला सात वर्षे जावी लागतात. मासेमारीला गेलेला खलाशी परत न आल्यावर त्याच्या घराची काय दशा होते ते किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण देह नाही म्हणून दाखला नाही आणि दाखला नाही म्हणून पुढचे काहीच नाही. तळीयेत शासनाने ते ओझे कुटुंबांच्या डोक्यावर ठेवले नाही, ही गोष्ट माझ्या दृष्टीने जाहीर झालेल्या रकमेइतकीच मोलाची होती. त्या कुटुंबांना राज्याकडून प्रत्येकी ५ लाख आणि पंतप्रधान सहाय्यता निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले होते. ते त्यांना मिळायलाच हवे होते, आणि आमच्याशी तुलना करून त्यांच्या पैशाकडे कोणी बोट दाखवले की मला फार वाईट वाटते.

दरडीला जागा असते. तिथे पोकलेन जाते, मंत्री जातात, अधिकारी जातात, आणि माणसे तिथेच असल्यामुळे यादी तिथेच होते. साथीला अशी जागा नसते. ती हजार घरांत एकेक माणूस नेते, आणि प्रत्येक घराला वाटते की आपलेच गेले. त्यामुळे करोनाच्या बाबतीत पंचनाम्याची रीत उलटी झाली. शासन आपल्या जागी बसले आणि माणूस गेला हे दाखवायला घरची माणसे कागद घेऊन निघाली. मी ज्या सेवेचा अभिप्राय लिहिते आहे तिच्यातले बहुतेक दोष या एका उलटेपणातून आले आहेत.

रकमेचा इतिहास थोडा सांगणे आवश्यक आहे, कारण वाडीतल्या लोकांच्या मनात त्याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. १४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने करोनाला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या कारणासाठी आपत्ती मानले आणि त्या आदेशात मृताच्या कुटुंबाला ४ लाख रुपये देण्याचा उल्लेख होता. त्याच दिवशी सुधारित आदेश निघाला आणि तो उल्लेख गेला. ही ४ लाखांची रक्कम वादळ, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींत गेलेल्यांसाठी ठरलेलीच होती. पुढे हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढ्या मृत्यूंसाठी प्रत्येकी ४ लाख दिले तर आपत्ती निधी त्यातच संपून जाईल, असे केंद्राने तिथे सांगितले. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ प्रमाणे किमान मदतीचे निकष ठरवणे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर बंधनकारक आहे, मात्र रक्कम किती असावी हे न्यायालय सांगणार नाही. त्यानंतर सप्टेंबरमध्ये ५०,००० चा आकडा आला आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने त्याला मान्यता दिली. त्याच आदेशात दोन गोष्टी होत्या, ज्या मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या होत्या. अर्ज आल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे, आणि मृत्यूच्या दाखल्यावर करोना असे लिहिलेले नाही एवढ्याच कारणाने कोणाला नाकारायचे नाही.

पन्नास हजार कमी आहेत का? कमी आहेत. दादाच्या उपचाराचे बिल पावणेदोन लाख झाले होते आणि ते वहिनीने आपल्या बांगड्या ठेवून आणि माझ्या कर्जातून भागवले. तरीही या सेवेतली जी गोष्ट मला मनापासून पटली ती हीच, की रक्कम सर्वांना सारखी होती. आमच्या खाडीत होडीवर एक तांडेल असतो आणि खाली खलाशी असतात. तांडेलाचा वाटा मोठा, खलाशाचा लहान, आणि कमाईच्या हिशेबात ते बरोबरच आहे. पण एकाच वादळात दोघे गेले आणि शासनाने दोघांच्या घरी जाऊन कमाईच्या प्रमाणात पैसे मोजले, तर खलाशाच्या बायकोला आपल्या नवऱ्याची किंमत शासनाने कमी केली असेच वाटेल, आणि ते तिला कोणत्याही तक्त्याने समजावता येणार नाही.

हा प्रयोग जगात झालेला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकेच्या संसदेने पीडितांसाठी भरपाई निधी उभा केला आणि केनेथ फाइनबर्ग या वकिलाला त्याचे काम सोपवले. कायद्यानेच सांगितले होते की मृताची पुढची कमाई धरून रक्कम ठरवायची. त्यामुळे मृतांच्या कुटुंबांना कमीत कमी अडीच लाख डॉलर आणि जास्तीत जास्त एकाहत्तर लाख डॉलर असा फरक पडला. अग्निशामक दलाच्या जवानाच्या घरी आणि शेअर बाजारातल्या दलालाच्या घरी एकाच सकाळच्या मृत्यूची वेगवेगळी किंमत पोहोचली. ते सगळे काम पार पाडल्यानंतर खुद्द फाइनबर्ग यांनीच मत मांडले की पुन्हा असे करायची वेळ आली तर सर्वांना सारखी रक्कम द्यावी. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतरचा निधी त्यांच्याच हाती होता आणि तिथे मृतांच्या कुटुंबांना सारखी रक्कम दिली गेली. चूक कोणाची हे ठरवून जिथे दावा चालतो, उदाहरणार्थ आपल्याकडे मोटार अपघात न्यायाधिकरणात, तिथे कमाई, वय आणि गुणक (वयाप्रमाणे कमाईला ज्याने गुणतात तो आकडा) यांचा हिशेब योग्य आहे, कारण तिथे नुकसान करणारा समोर उभा असतो. सगळ्या देशाने मिळून दिलेल्या मदतीला तो हिशेब लावू नये.

त्या अमेरिकन निधीची एक गोष्ट मात्र आपण जरूर घ्यावी अशी आहे. मृतांच्या पात्र कुटुंबांपैकी ९७ टक्के कुटुंबे त्या निधीत आली, आणि ज्या कुटुंबाला हवे असेल त्याला समोरासमोर बसून आपले म्हणणे मांडण्याची सोय होती. अशा शेकडो सुनावण्या स्वतः फाइनबर्ग यांनी घेतल्या. लोक तिथे अल्बम घेऊन येत, माणसाबद्दल बोलत. रक्कम ठरवायला त्याचा उपयोग थोडा होत असेल, पण कोणीतरी अधिकाराच्या माणसाने आपले ऐकले, याची किंमत मी आता ओळखते.

आमच्याकडचे ऐकणे मोबाइलवरच्या ओटीपीने सुरू झाले. संकेतस्थळ तसे साधे होते, मराठीतही होते, आणि ज्याच्याकडे सर्व कागद जुळलेले आहेत त्याचा अर्ज अर्ध्या तासात होत असे, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. अर्जदाराचा आधार, मृताचा आधार, बँकेचे पासबुक, मृत्यूचा दाखला, करोनाचा पुरावा आणि इतर वारसांची हरकत नसल्याचे स्वघोषणापत्र, एवढेच मागितले होते. अडचण अशी, की वहिनीच्या आधारला दादाचा मोबाइल क्रमांक जोडलेला होता. आमच्या वाडीत निम्म्याहून अधिक बायकांचे असेच आहे, कारण घरात फोन एकच आणि तो पुरुषाच्या खिशात. दादाचे सिम रिचार्ज न झाल्याने बंद पडले होते. म्हणजे नवरा गेल्याचे सांगण्यासाठी वहिनीला आधी नवऱ्याच्या फोनवर संदेश येणे आवश्यक होते. आधार दुरुस्त करायला तालुक्याला दोन फेऱ्या झाल्या, एसटीच्या वेळा सांभाळून प्रत्येकी एक पूर्ण दिवस गेला, आणि नवा क्रमांक जोडला गेल्यावर आम्ही दोघी सड्यावर चढून बसलो, कारण वाडीत रेंज येत नाही आणि ओटीपी दहा मिनिटांत टाकायचा असतो.

मग नावांचा घोळ. दादाचे कागद वहिनीने चुलीवरच्या फळीवर एका बिस्किटांच्या डब्यात ठेवले होते. मी ते एकेक करून ओटीवर मांडले, ते चित्र मला अजून दिसते. आधारवर पूर्ण नाव होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या अँटिजेन चाचणीच्या चिठ्ठीवर, गर्दीत कोणीतरी हाक मारताना ऐकले असेल तसे, घरातले हाकेचे नाव लिहिले होते, वयही दोन वर्षांनी कमी होते आणि शाईवर डब्यातल्या ओलीचा डाग पसरला होता. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांच्या नावातली वेलांटी चुकली होती. रुग्णालयाच्या कागदावर मृत्यूचे कारण तीव्र न्यूमोनिया आणि श्वसनक्रिया बंद पडणे असे होते. चारही कागद एकाच माणसाचे होते, हे वाडीतले कोणतेही पोर सांगू शकले असते. यंत्राच्या दृष्टीने ती चार माणसे होती.

अर्ज डिसेंबरमध्ये भरला आणि जानेवारीत तो नामंजूर झाल्याचा संदेश आला. नोंद जुळत नाही, एवढेच कारण दिसत होते. त्या दिवशी वहिनीने विचारलेला प्रश्न असा होता, “म्हणजे ते गेले नाहीत असे म्हणतात का?” शिक्षक म्हणून मुलांच्या पुष्कळ प्रश्नांना मी उत्तरे दिली आहेत, याला देता आले नाही. नामंजुरी हा शब्द अशा सेवेत वापरूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. अमुक कागद अपुरा आहे, तो अमुक ठिकाणी मिळेल, असे लिहिता येते. सर्वोच्च न्यायालयानेही पुढे नेमके हेच सांगितले, की तांत्रिक कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, त्रुटी असेल तर ती दूर करण्याची संधी द्यावी.

यानंतरचा टप्पा मात्र मी मनापासून चांगला म्हणेन. प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण समिती नेमलेली होती आणि संकेतस्थळावरूनच तिच्याकडे दाद मागता येत होती. मार्चमध्ये आम्ही समितीसमोर गेलो. तिथल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी डाग पडलेली चिठ्ठी उजेडात धरून वाचली, २६ एप्रिल ही चाचणीची तारीख आणि ११ मे ही मृत्यूची तारीख यांत पंधरा दिवस होतात हे स्वतः मोजले, कारण चाचणीपासून ३० दिवसांतला मृत्यू ग्राह्य होता, आणि रुग्णालयाकडून केसपेपरची प्रत आपण मागवून घेतो, तुम्ही पुन्हा येऊ नका, असे वहिनीला सांगितले. “तुम्ही पुन्हा येऊ नका” या चार शब्दांसाठी मी या सेवेचा एक तारा राखून ठेवला आहे. एप्रिलच्या शेवटी पैसे खात्यात आले. तीस दिवसांचे चार महिने झाले होते. महाराष्ट्रातल्या दिरंगाईबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्येच तीव्र नाराजी व्यक्त केली होती, तेव्हा हा अनुभव आमचा एकट्याचा नव्हता.

दुसऱ्या एका घराची हकिगत वेगळी होती. घरातला चाकरमानी मुंबईत वारला, क्रियाकर्मही तिकडेच झाले, आणि बायको-मुले लॉकडाऊनपासून गावी होती. दाखला, चाचणीचा अहवाल, रुग्णालयाचे कागद सगळे मुंबईच्या दिराकडे. त्याने आपल्या नावाने अर्ज करून टाकला. तो लबाड नव्हता, कागद त्याच्याकडे होते आणि पैसे आले की वहिनीला पाठवू असे तो म्हणत होता. पण नवऱ्याच्या मृत्यूची मदत बायकोला दिराच्या हातून मिळणे आणि स्वतःच्या खात्यात मिळणे यांत किती अंतर आहे, हे ज्या घरात विधवा बाई आहे त्या घराला विचारावे. आम्ही हरकत घेतली, दिराने समजूतदारपणे संमतीपत्र लिहून दिले आणि पैसे तिच्या नावावर आले. अर्जात पत्नी किंवा पती हयात आहे का, हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक विचारायला हवा होता.

महिला व बालविकास विभागाने याच काळात ‘मिशन वात्सल्य’ नावाने तालुका पातळीवर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या केल्या, करोनाने एकल झालेल्या महिला आणि अनाथ बालके यांच्यापर्यंत योजना पोहोचवण्यासाठी. आमच्याकडे अंगणवाडी सेविका वही घेऊन घरोघरी गेल्या आणि ज्या तीन बायकांना अनुदान आहे हेच माहीत नव्हते त्या मला अशा सापडल्या. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने ५ लाखांची ठेव ठेवण्याचा निर्णय जून २०२१ मध्येच घेतला होता आणि ती मुले शोधण्याचे काम यंत्रणेने स्वतःकडे घेतले होते. मनात आणले तर दारापर्यंत जाता येते, हे या दोन कामांतून सिद्ध झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना सांगितले की विधी सेवा प्राधिकरणाशी समन्वय ठेवायला नोडल अधिकारी नेमा आणि नोंद झालेल्या मृत्यूंची माहिती त्यांना द्या, म्हणजे ज्यांनी अर्ज केलेला नाही त्यांच्यापर्यंत पोहोचता येईल. शासनाकडे रोजच्या मृत्यूंची यादी होती. रोज संध्याकाळी तिचे आकडे आपण टीव्हीवर पाहत होतो. त्या यादीतल्या प्रत्येक घरी तलाठ्यांना एक छापील अर्ज घेऊन पाठवले असते, कलमे मोजायला पाठवले तसे, तर या सेवेला पाच तारे द्यायला माझा हात अडला नसता. यादीत नसलेल्यांसाठी मग अर्ज ठेवावा. इथे सगळ्यांनाच यादीबाहेरचे समजून सुरुवात झाली.

खोटे दावे येतील ही भीती मी खोटी म्हणत नाही. खोटा दावा करणाऱ्याला त्याच आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या ५ टक्के दाव्यांची पडताळणी करायला परवानगी दिली. पडताळणीची हीच रीत योग्य आहे, की आधी द्यावे आणि मग काही दावे तपासावेत.

सात घरांचे सांगून झाले. उरलेल्या दोन घरांबद्दल लिहिताना मला जड जाते. एका घरातला तरुण मुलगा रुग्णालयातून बरा होऊन घरी आला आणि चाचणीपासून सदतिसाव्या दिवशी झोपेत गेला. तो रुग्णालयातच असता तर तीस दिवसांनंतरचा मृत्यूही धरला गेला असता. घरी आला म्हणून नियमाबाहेर गेला. समितीने त्याचे कागद दोनदा पाहिले, पण नियम ओलांडता येत नाही असे सांगितले. ज्या दिवसांत खाट मिळत नव्हती त्या दिवसांत लवकर घरी येणे हे शहाणपणाचे मानले जात होते, एवढेच मी इथे नोंदवते.

दुसरे घर खाडीपलीकडच्या एका आजींचे. त्यांचे यजमान मे महिन्यात, वादळाच्या आदल्या आठवड्यात, सात दिवसांच्या तापानंतर घरीच वारले. चाचणी झालीच नाही, कारण आरोग्य केंद्रात किट संपले होते आणि तालुक्याला न्यायला वाहन मिळाले नाही. करोनाने मृत्यू झाला असे म्हणायला एकतर चाचणी हवी किंवा रुग्णालयात दाखल असताना डॉक्टरांनी केलेले निदान हवे, असा नियम होता. आजींकडे दोन्ही नव्हते. गावातल्या डॉक्टरांची औषधांची चिठ्ठी होती, शेजारच्या दोन घरांत त्याच आठवड्यात चाचण्या पॉझिटिव्ह आल्याचे कागद होते, आणि मी ते सगळे जोडून समितीकडे पाठवले. विलंब झाला असेल तर सबळ कारण देऊन समितीकडे जाता येते, असे न्यायालयाने २४ मार्च २०२२ च्या आदेशात म्हटले होते, त्याचाही हवाला दिला. पुरेसा पुरावा नाही, असे उत्तर आले.

ते पत्र घेऊन मी तरीतून पलीकडे गेले. आजी पडवीत जाळ्याला गाठी मारत बसल्या होत्या. मी पत्र वाचून दाखवले, त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितले, आणि यजमानांचे नाव त्यात बरोबर लिहिले आहे का ते विचारले. नाव बरोबर होते. त्यांनी ते पत्र घडी घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले, आधार आणि रेशनकार्डाशेजारी, कारण त्यांच्या यजमानांच्या मृत्यूबद्दल शासनाकडून आलेला तो पहिलाच कागद होता.